वॉर्डातच चॅपल का? बोनचं जुनं हॉस्पिटल (फ्रान्स)

कृष्णाकाठ, सांगली
मंडळी, मी आर्किटेक्चरला आहे, हिस्ट्रीच्या सबमिशनला फ्रान्समधल्या बोन गावचं ओतेल-द्य घेतलंय. बरगंडीच्या ड्यूकचा चॅन्सेलर निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन यांनी १४४३ साली काढलेलं गरिबांचं हॉस्पिटल. प्लॅन बघून डोकं चालेना. जवळजवळ ५० मीटर लांब एकच हॉल, दोन्ही भिंतींना बेडच्या ओळी, आणि हॉलच्या टोकाला थेट चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, मधे फक्त लाकडी जाळीचं पार्टिशन. आपल्याकडं हॉस्पिटलात देव म्हणजे लिफ्टशेजारी छोटा गणपती, इथं तर पेशंट आणि देव एकाच छताखाली. सर म्हणतात वर्णन नको, ‘का’ ते लिही. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात असलं काही बघायला मिळेल का?

मिरजवाला
मिशन हॉस्पिटल जरूर बघ पण या कामासाठी नको. ते वॅनलेस साहेबांचं, १८९४ चं, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. म्हणजे प्रोटेस्टंट. तुझा विषय कॅथलिक, तिकडं अल्टार (पूजेची वेदी), संतांची चित्रं, मास (वेदीवरची मुख्य उपासना) याला महत्त्व, यांच्याकडं बायबल वाचन आणि प्रवचन. दोन्ही एकात घातलंस तर सर पहिल्या पानावरच धरतील. शिवाय १८९४ पर्यंत वॉर्ड आणि चॅपल एका हॉलमधे बांधायची पद्धत मागं पडली होती.

जुना_वाडा, सातारा
तू हॉस्पिटलच्या बाजूनं विचार करतोयस म्हणून अडतंय. उलटं धर, आधी चॅपल आणि त्याला जोडून आजाऱ्यांचा हॉल. त्या काळात औषध असं फारसं नव्हतंच, गरीब माणसाला अंथरूण, ऊब, जेवण आणि मरताना प्रार्थना मिळाली की झालं, त्यात इंग्लंड-फ्रान्सचं शंभर वर्षांचं युद्ध नुकतं त्या भागातून गेलेलं, लोक उपाशी, लुटालूट चाललेली. रोलँनं दानपत्रात सरळ म्हटलंय की इथली संपत्ती देऊन स्वर्गातली घ्यायची आहे. सौदाच की राव! पण त्या सौद्यातून गरिबाला पाठ टेकायला जागा मिळाली हेही खरं.

आता मुद्दा दिसण्याचा. तेव्हा सामान्य माणूस प्रसाद, म्हणजे कम्युनियन, बहुतेक वर्षातून एकदाच घ्यायचा. एरवी पाद्री होस्ट, म्हणजे प्रसादाची पवित्र भाकरी, वर उचलतो ते नुसतं डोळ्यांनी बघण्यातच पुण्य मानायचे. पंढरपुरात गाभाऱ्यापर्यंत पोचता येत नाही तो कळसाला हात जोडतो, तसंच. मग ज्याला उठता येत नाही त्याचं काय? त्याचा बेडच अल्टारच्या हॉलमधे टाकायचा. हे तुझं ‘का’.

त्या अल्टारवर रोगियर व्हॅन डर वेयडेनचं ‘अंतिम न्याय’ हे चित्र होतं, अनेक फळ्यांचं, दारं मिटतात तसं मिटणारं. रोजच्या दिवशी बंद. बंद असताना बाहेरून रोलँ नवराबायको, आणि दगडी पुतळ्यासारखे रंगवलेले सेबॅस्टियन आणि अँथनी, म्हणजे साथीच्या रोगात ज्यांचा धावा करायचे ते संत. रविवारी नि सणाला उघडायचे, मग मधोमध तराजू घेतलेला देवदूत मायकेल, एका अंगाला स्वर्ग, दुसऱ्या अंगाला नरकात पडणारी माणसं. आजाऱ्याला हे दाखवणं मला तरी क्रूर वाटतं.

नाइटड्युटी
मी नर्स आहे, मला प्लॅनपेक्षा तिथं काम करणाऱ्या सिस्टर लोकांची दया आली. एका बेडवर दोन दोन पेशंट झोपवायचे तिथं. इन्फेक्शनचं नावच काढू नका. छत मात्र चांगलं १६ मीटर उंच, उलट्या नावेच्या आकाराचं, त्यामुळं वास वर जात असेल पण थंडीत ऊब पण वरच जाणार ना. आवाराखालून एक ओढा जातो, घाण टाकायला त्याचा उपयोग व्हायचा, ते प्लॅनमधे दाखव, सगळे छताच्या रंगीत कौलांचेच फोटो टाकतात. आणि आत्ता दिसणारे लाल पडदेवाले बेड १९व्या शतकातल्या दुरुस्तीचे आहेत, ते १४४३ चे म्हणून काढू नको. पहिला पेशंट १ जानेवारी १४५२ ला घेतला आणि पेशंट १९७१ पर्यंत होते, हे मला सगळ्यात भारी वाटलं.

कृष्णाकाठ, सांगली
वाडा काका, सिस्टर, लई आभार. पण ५० मीटरवरच्या शेवटच्या बेडवरनं जाळीतून काय दिसणार? आणि चॅपल वेगळं कधी झालं?

जुना_वाडा, सातारा
चांगलं पकडलंस. चित्र उघडल्यावर साधारण साडेपाच मीटर रुंद, लांबून नरक कुठला नि स्वर्ग कुठला तेवढं कळेल, चेहरे नाहीत. पण होस्ट उचलताना घंटा वाजते, ती तेवढ्या मोठ्या हॉलमधे सगळ्यांना ऐकू जाणार. म्हणून नुसता प्लॅन नको, लांबीतला सेक्शन (उभा छेद) काढ आणि बेडपासून अल्टारपर्यंत नजरेच्या रेषा ओढ.

वेगळं होणं एका दिवसात नाही झालं. पॅरिसचं साल्पेत्रिएर हॉस्पिटल घे, लिबेराल ब्रुआँनं १६७० च्या दशकात बांधलेलं चॅपल. तिथं अल्टार मधे घुमटाखाली, आणि भोवती चार मोठे भाग नि चार कोपऱ्यातली चॅपलं, म्हणजे वेगवेगळ्या गटांना एकमेकांत न मिसळता एकच मास ऐकवता यावा. म्हणजे बेड मागं राहिले, माणसं चालत आणायची. पुढं पॅरिसचंच १८५४ चं लारिब्वाझिएर हॉस्पिटल, तिथं वॉर्डांचे सुटे पॅव्हिलियन, म्हणजे वेगवेगळ्या इमारती, दोन्ही बाजूंना खिडक्या, चॅपल अंगणाच्या पार टोकाला. नाइटिंगेल बाईंना ते हॉस्पिटल पसंत होतं.

नाइटड्युटी
त्या खिडक्यांबद्दल दोन ओळी जास्त लिही. आणि पाचगणीला कधी गेलास तर जुन्या टीबी सॅनेटोरियमचे व्हरांडे बघ, तिथं बेड कुठल्या दिशेला लावायचे ते हवा आणि ऊन ठरवायचं.