अपेक्षा न ठेवता पाहिलेला चित्रपट आवडला, तर श्रेय कोणाचे?

निवांत

गेल्या आठवड्यात एका रात्री कपड्यांच्या घड्या घालायच्या होत्या आणि डोक्याला ताप न देणारे काहीतरी समोर चालू असावे, एवढ्याच माफक हेतूने मी 'म्युझिक अँड लिरिक्स' हा २००७ चा इंग्रजी चित्रपट लावला. १९८० च्या दशकात गाजलेल्या पॉप गटातला, आता जुन्या चाहत्यांपुढे कंबर हलवून पोट भरणारा गायक (ह्यू ग्रँट), त्याच्या घरी बदली म्हणून झाडांना पाणी घालायला आलेली तरुणी (ड्रू बॅरिमोर), आणि एका लोकप्रिय गायिकेसाठी काही दिवसांत रचून द्यायचे गाणे, एवढे कळल्यावर पुढचे सगळे मी न पाहताच सांगू शकलो असतो आणि घडलेही जवळपास तसेच.

तरीही ती तरुणी कुंड्यांपाशी उभी राहून स्वतःशीच एक ओळ पुटपुटते आणि पियानोपाशी व्यावसायिक गीतकाराबरोबर डोके फोडत बसलेल्या गायकाचे कान टवकारतात, त्या प्रसंगाला माझ्या हातातली चादर अर्ध्या घडीतच राहिली, ती चित्रपट संपेपर्यंत. आता प्रश्न असा पडला आहे की, हा गुण चित्रपटाचा, की पाटी कोरी ठेवून बसल्यामुळे मला थोडक्यातही समाधान मिळाले?

आडताल

माझ्या मते श्रेय गाण्याचे आहे. चित्रपटातला नायक चित्रकार असेल, तर कॅनव्हासची पाठ दाखवून काम भागते, आणि कादंबरीकार असेल, तर चार लोकांनी 'अप्रतिम' म्हटले की प्रेक्षक विश्वास ठेवतो. गाणे मात्र झाकून ठेवता येत नाही. 'हे लोकांना वेड लावील' असे एकदा पात्राच्या तोंडून वदवले, की ते प्रेक्षकाच्या कानावर घालावेच लागते, आणि ते फुसके निघाले तर पटकथेला कितीही टेकू दिले तरी ती उभी राहत नाही.

या चित्रपटातले मध्यवर्ती गाणे अ‍ॅडम श्लेसिंजर यांचे आहे. टॉम हँक्स यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटाचे, म्हणजे १९९६ च्या 'दॅट थिंग यू डू!' चे शीर्षकगीतही त्यांचेच, आणि त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. तिथे नेहमीच्या ड्रमवादकाचा हात मोडल्यामुळे आयत्या वेळी आलेला नवा वादक संथ प्रेमगीताची लय परस्पर वाढवतो, गायक आधी चिडतो, पण श्रोते नाचू लागतात. एका गाण्याचे नशीब केवळ लय बदलल्याने कसे पालटते, हे संवादाविना कळते. पुढे तेच गाणे पुनःपुन्हा ऐकू येते आणि तरी कंटाळा येत नाही, ही मला सर्वांत अवघड गोष्ट वाटते.

शेवटची रांग

मी थोडा विरोधी सूर लावतो. अपेक्षा कमी ठेवणे म्हणजे परीक्षकाने आधीच ग्रेस मार्क देऊन ठेवण्यासारखे आहे. 'म्युझिक अँड लिरिक्स'चा पूर्वार्ध खुसखुशीत आहे, हे मान्य. सुरुवातीचा जुना व्हिडिओ तर त्या काळातल्या केशरचनेसह इतका हुबेहूब आहे की हसू आवरत नाही. मात्र शेवटच्या अर्ध्या तासात भांडण, दुरावा आणि हजारो लोकांसमोर रंगमंचावरून मागितलेली माफी, हे सगळे साच्यातून काढल्यासारखे येते. खाजगी चुकीची माफी सार्वजनिक ठिकाणी मागितली म्हणजे समोरच्याला 'नाही' म्हणायची सोयच उरत नाही, हे या प्रकारच्या चित्रपटांना कधी कळणार? (त्या गायिकेच्या रंगमंचावरची अवाढव्य बुद्धमूर्ती ही टिंगल आहे हे कळते, पण टिंगल नेमकी कोणाची, असा प्रश्न मला पडला होता.)

साचा मोडलेला पाहायचा असेल, तर 'वन्स' हा आयरिश चित्रपट पाहावा. तो विनोदी नाही, परंतु बिघडलेला व्हॅक्युम क्लीनर कुत्र्याला फिरवावे तसा ओढत डब्लिनच्या रस्त्यांवरून चालणारी नायिका पाहून ओठ आपोआप हलतात. नायक-नायिकेला नावे नाहीत, दोन्ही कलाकार मुळात संगीतकार आहेत, आणि वाद्यांच्या दुकानात तो तिला गाणे समजावून देतो व ती पियानोवर साथ धरते, तो प्रसंग घाई न करता पूर्ण गाणे होईपर्यंत चालतो. त्या गाण्याला २००८ मध्ये ऑस्कर मिळाले. शेवटी दोघे एकत्र येत नाहीत, आणि तरी फसवल्यासारखे वाटत नाही.

पेटीवाला

वरील दोघांच्या बोलण्यात एक मुद्दा राहून गेला. हौशी मंडळींसाठी चालीवर शब्द लिहिण्याचा उद्योग मी बरीच वर्षे करतो, त्यामुळे निवांत यांची चादर का अडकली, याचा मला अंदाज आहे. चाल आधी तयार असेल, तर मात्रा मोजून कोणताही शब्द बसत नाही. लांबवलेल्या सुरावर 'मिठी' आला की गळा आवळल्यासारखा वाटतो, त्याच जागी 'वारा' आला की आवाज मोकळा होतो. समेवर नेमका 'आणि' पडला की ओळीचा जीवच जातो. मग चाल बांधणारा म्हणतो शब्द बदला, लिहिणारा म्हणतो सूर तोडा, आणि रात्रीचे दोन वाजतात.

प्रेमकथेला दोन अनोळखी माणसांना एका खोलीत डांबून ठेवायला काहीतरी निमित्त लागते, आणि बहुतेक वेळा ते पाऊस, चुकलेली गाडी किंवा खोटे लग्न असे ओढूनताणून आणलेले असते. इथे निमित्त म्हणजे प्रत्यक्ष काम आहे. एका शब्दावरून हट्टाला पेटलेली दोन माणसे एकमेकांचा स्वभाव जितक्या लवकर ओळखतात, तितक्या लवकर ती चांदण्यात फिरून ओळखणार नाहीत. रंगमंचावरच्या माफीबद्दल मात्र मी शेवटच्या रांगेशी सहमत आहे.

निवांत

सर्वांचे आभार. काल मी फक्त मधला भाग पुन्हा पाहिला. घरातच कच्चे ध्वनिमुद्रण करताना ती मुलगी बिचकत, अगदी साध्या आवाजात गाते. पहिल्या वेळी मी हे तिचे अवघडलेपण समजलो होतो. या वेळी लक्षात आले की पुढे गायिकेच्या तोंडी ते गाणे नको तितके सजवलेले ऐकू येते तेव्हा जे खटकते, त्याची तयारी इथेच करून ठेवलेली आहे. एवढे तरी ग्रेस मार्कांशिवाय मिळालेले असावे. माफीचा प्रसंग दुसऱ्यांदा पाहण्याचे धैर्य झाले नाही.

रविवारी 'वन्स' पाहणार आहे. या वेळी घड्या आधीच उरकून घेईन. अडचण एवढीच की त्याच्याविषयीच्या माझ्या अपेक्षा शेवटच्या रांगेने आताच वाढवून ठेवल्या आहेत.