मदत हवी आहे: ग्रासकार्प (तण खाणारा मासा) सोडल्यापासून गावचा तलाव बिघडलाय, यंदा मासळीचं बीज कोणतं टाकायचं?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. मी नोकरीला पुण्यात, पण गाव गोंदिया जिल्ह्यात. आम्ही ढीमर, म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळंच. गावचा तलाव जुना मालगुजारी, कोहळी समाजाने बांधलेला, पाराजवळचा (बांधाजवळचा) भाग सोडला तर कुठेच पुरुषभरापेक्षा जास्त खोल नाही.

चार वर्षांमागे चिला (पाण्याखालचं तण) फार माजलाय, जाळं ओढता येत नाही म्हणून मच्छीमार संस्थेने कटला-रोहूच्या बोटुकलीसोबत (बोटाएवढ्या पिल्लांसोबत) ग्रासकार्प टाकला, बीजवाल्याने वर सायप्रिनस (कॉमन कार्प) पण दिला. पहिली दोन वर्षं सगळे खूश, जाळं सरसर यायचं, मासा पण चांगला वजनदार. मग पाणी जे गढूळ झालं ते आता हिवाळ्यात पण निवळत नाही, आधी डोंग्यातून वाकलं की तळ दिसायचा, आता वर हिरवी साय आणि खाली चहा. तरंगत्या पानांवर कमळपक्षी अंडी घालायचे, ती पानंच गेली तर ते तरी कशाला येतील. काठावरची बेशरमची झुडपं मात्र जशीच्या तशी, त्यांना ग्रासकार्प तोंडही लावत नाही.

पण खरं दुखणं बारक्या मासळीचं आहे. दाडक, बोटरी, शिंगी, मरळ, झिंगे सगळं जवळपास संपलं. कार्प, म्हणजे कटला-रोहूसारखा सोडलेला मासा, संस्थेमार्फत ठेकेदाराकडे जातो, बारका मासा मात्र आई बाजारात विकायची, उरलेला सुकवायची, तो पैसा तिच्या हातात असायचा. संस्थेच्या हिशोबात हा मासा कधी नव्हताच, त्यामुळे गेला तरी तिथे तोटा दिसत नाही.

आता मे आहे, पाणी टोंगळभर (गुडघाभर), महिनाभरात बीजाची ऑर्डर जाईल. बाबा सभासद आहेत, मीटिंगमध्ये बोलायला तयार आहेत, पण सांगायचं काय? ग्रासकार्प बंद केला तर चिला आपोआप परत येईल का? आणि कार्प पूर्ण बंद करा म्हटलं तर लोक मारतील :)

---

तळ्याकाठचा
दादा, दोन माशांचं दुखणं वेगवेगळं आहे. ग्रासकार्प भारतात 1959 ला आणला तो याच कामाला, तण खायला. तो खातो भरपूर, पण बरंचसं न पचताच बाहेर टाकतो, म्हणजे वनस्पतीत अडकलेलं खत पाण्यात मोकळं होतं आणि त्यावर शेवाळ वाढतं. सायप्रिनस किडे शोधत गाळ उकरत बसतो, म्हणून तुमचा चहा. उथळ तलावाचं असं असतं की तळाला वनस्पती असली तर ती गाळ धरून ठेवते, पाणी स्वच्छ राहतं, ऊन खाली पोचतं आणि वनस्पती अजून वाढते. एकदा गढूळ झालं की ऊनच पोचत नाही, त्यामुळे नुसतं बीज थांबवून लवकर फरक पडेलच असं नाही.
तरी एक बरं आहे, ग्रासकार्प साचलेल्या पाण्यात पिल्लं घालत नाही (कटला-रोहू पण नाही, म्हणून तर दरवर्षी बीज टाकावं लागतं). आहेत तेवढे काढले की विषय संपला. सायप्रिनस मात्र तलावातच वाढतो, तो चिवट.

बोडीवाला
आत्ताच पाणी कमी आहे, ओढजाळ लावून मोठे ग्रासकार्प काढून घ्या, विकून पैसे पण येतील. अर्जुनी मोरगावकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने गावकऱ्यांना धरून हेच काम केलंय, बायकांचे गट त्यात पुढे होते. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची, कोरडा झालेला तळ नांगरायचा, आणि पाऊस पडला की चांगल्या तलावातून चिला वगैरे आणून लावायचं. आपोआप येईल म्हणून बसू नका.
आणि सलंगावर (तलावाचं जादा पाणी बाहेर जातं तिथे) जाळी बांधता का तुम्ही? आमच्याकडे कार्प पळू नये म्हणून बांधायचे, मग पहिल्या पावसात नाल्यातून चढणारा गावठी मासा तिथेच अडायचा.

सरळसोट
बीज तर सरकारच वाटतं, त्यात चूक काय? उगाच मासेमारांच्या पोटावर पाय.

तळ्याकाठचा
@सरळसोट, इथे विचारणारा स्वतःच मासेमार आहे हो. आणि मासा सोडायचं कोणी बंद करा म्हणत नाहीये, कोणता सोडायचा ते चाललंय. हिमाचलच्या गोविंदसागरमध्ये 1971 च्या पुरात फार्मातून सिल्व्हर कार्प सुटला, पुढे जाळ्यात तोच जास्त यायला लागला आणि कटला मागे पडला. तिथलं नुकसान पण मासेमाराचंच.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. बोडीवाला भाऊ, जाळी आहे!! बाबांना फोन केला तर म्हणाले दरवर्षी आम्हीच बांधतो, चढणीला खाली नाल्यात लोक टोपलीने मासे धरतात ते त्यामुळेच. हे डोक्यातच आलं नव्हतं. यंदा पहिले दोन-तीन पूर जाईपर्यंत सलंग मोकळा ठेवायचा आणि बीज त्यानंतरच, कटला-रोहू-मृगळ तेवढंच, असं मांडायचं ठरलंय. नांगरणीसाठी ट्रॅक्टर कोण देणार त्यावर घरात भांडण सुरू आहे.
एक शंका राहिलीच, हे मोठे ग्रासकार्प जाळ्यावरून उडी मारून निघून जातात, काल तीनदा ओढून दोनच सापडले. त्याला काही युक्ती?

बोडीवाला
दोन दिवस एकाच कोपऱ्यात कोवळं गवत टाका, तिसऱ्या दिवशी पहाटे तिथेच जाळं लावा. आणि जाळ्याची वरची कड डोंग्यातून हाताने उचलून धरायला दोन पोरं ठेवा.