आजोबांच्या बटव्यातला १९३९ चा रुपया: विकण्याआधी किंमत कशी काढावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांचं कराडला किराणा मालाचं दुकान होतं. ते गेल्यावर तिजोरी आवरताना एक खणाचा बटवा निघाला. त्यात पंचवीसेक चांदीचे रुपये आहेत, बहुतेक राणीछाप आणि काही पाचव्या जॉर्जचे. मूठभर जाड, ओबडधोबड तांब्याचे पैसे आहेत. आणि एक रुपया वेगळा, कागदात गुंडाळलेला: सहावा जॉर्ज, साल १९३९. कागदावर आजोबांच्या हातचं "हा मोडू नये" असं लिहिलेलं आहे.

गावातले सराफ सगळे रुपये एकत्र वजनावर घ्यायला तयार आहेत. चुलतभावाने नेटवर शोधलं तर १९३९ च्या रुपयाला कुणी आठशे मागतंय, कुणी दहा लाख. जुन्या घराचं छप्पर करायचं आहे, म्हणून विकायचं तर आहे, पण आजोबांनी जपून ठेवलेली वस्तू मातीमोल जाऊ नये असं मनापासून वाटतं. खरी किंमत कशी कळते? कुणाला दाखवावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

राणीछाप

बाकीचे सविस्तर लिहितीलच. एकच आधी सांगते, नाणी घासू नका. चिंच नको, राखुंडी नको, दंतमंजन नको. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला रुपये चिंचेने लख्ख करतात, आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याच घासण्यात नाण्याची किंमत उतरते. चांदीवर चढलेली काळपट छटा तशीच राहू द्या. नाणं कडेने धरा आणि रबरबँड लावून ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

नाणेघाट

कृष्णाकाठ, तुम्ही घाई केली नाहीत हे फार चांगलं झालं. १९३९ चा रुपया खरा असेल तर बटव्यातलं बाकी सगळं एका बाजूला आणि तो एकटा दुसऱ्या बाजूला.

आधी कारण सांगतो, म्हणजे किंमतही समजेल. १८३५ पासून कंपनीचा आणि नंतर राणीचा, राजाचा रुपया एकाच मापाचा होता: ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, त्यात ९१.७ टक्के चांदी. दुसरं महायुद्ध सुरू झालं तसे लोक रुपये साठवायला लागले. १९४० मध्ये सरकारने चांदी निम्म्यावर आणली, एक रुपयाची नोट काढली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जुने चांगल्या चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून बाद केले. परत आलेली नाणी वितळवली गेली. १९३९ हे चांगल्या चांदीचं शेवटचं साल. त्या सालाचे फार थोडे रुपये लोकांच्या हाती उरले. तुमच्या आजोबांना हे ठाऊक असणार, उगाच कुणी एकच रुपया कागदात गुंडाळून ठेवत नाही.

आता अडचण. याच कारणामुळे १९३९ ची जितकी नकली नाणी बाजारात फिरतात तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या रुपयाची फिरत असतील. नकली दोन प्रकारची. एक, सरळ नवी पाडलेली किंवा ओतलेली. दुसरा प्रकार जास्त फसवा: १९३८ चा अस्सल रुपया घ्यायचा आणि शेवटचा ८ कोरून त्याचा ९ करायचा. त्यात चांदी खरी, वजन खरं, चेहरा खरा, फक्त आकडा खोटा. म्हणून "सराफाने चांदी शुद्ध सांगितली" एवढ्यावर १९३९ सिद्ध होत नाही.

घरी करता येईल ते असं. दोन दशांशांपर्यंत दाखवणारा छोटा काटा मिळवा. वजन ११.६६ किंवा झिजेमुळे किंचित कमी यावं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवेल. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२ च्या जवळ. फरक लहान आहे, म्हणून तीन-चार वेळा करून बघा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकून टाका.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन तारखेकडे बघा. १९३९ मध्ये ९ दोनदा येतो. दुसरा आकडा आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवून बघितल्यासारखे ताडून पाहा: गाठीचा गोल, शेपटीचा वळसा, उंची. दोन्ही एका घडणीचे दिसायला हवेत. शेवटच्या नऊभोवतीची जमीन खरवडलेली, खोलगट किंवा बाकीपेक्षा जास्त चकचकीत दिसली तर संशय घ्या. कडेचे दाते सर्व बाजूंनी सारखे आहेत का, कुठे ओतीव सांध्याची रेघ दिसते का, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आहेत का, तेही बघा.

सराफकट्टा

आमचा तीन पिढ्यांचा सराफी धंदा आहे, म्हणून लिहितो. सराफ वजनावर भाव सांगतो त्यात लबाडीच असते असं नाही. आम्ही मोड घेतो. आमच्या लेखी तो चांदीचा तुकडा, त्यातून घट वजा करून पैसे. दुर्मीळ सालाचं ज्ञान बहुतेक सराफांना नसतं आणि ते असावं अशी अपेक्षाही धरू नये.

हिशेब सोपा आहे. एका रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. चांदीचा भाव किलोला एक लाख धरला तर एका रुपयाची नुसती चांदी १,०६९ रुपयांची. त्या दिवसाचा भाव घालून तुम्हीच गुणाकार करा. ही तुमची तळाची किंमत, याखाली कुणालाही देऊ नका. पाचव्या जॉर्जचे नेहमीचे, झिजलेले रुपये याच्या फार वर जात नाहीत.

शुद्धता बघायची तर मशीनवर बघून घ्या, त्याने नाण्याला ओरखडाही येत नाही. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. कडेला कानस तर मुळीच लावू देऊ नका.

कृष्णाकाठ

खूप खूप आभार! काटा आणून करून बघितलं. वजन ११.५८, पाण्यात १.१२. भिंगातून दोन्ही नऊ मला तरी सारखे वाटतात, पण माझी नजर तयार नाही. राणीछापांत काहींवर १८६२ आहे, काहींवर १८७७ नंतरची सालं. तांब्याच्या पैशांवर देवनागरी अक्षरं आहेत, "राजा" एवढं वाचता येतं.

नाणेघाट

आकडे उत्तम आले आहेत. आता मुख्य प्रश्न तारखेचा आणि घडणीचा उरतो, आणि तो फोटोवरून कुणीही सोडवू नये, मीही नाही. त्यासाठी प्रत्यक्ष दाखवावंच लागेल.

राणीछापांबद्दल: "व्हिक्टोरिया क्वीन" आणि साल १८६२ असलेला रुपया १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडला जात होता. मागच्या बाजूला असलेल्या ठिपक्यांच्या संख्येवरून प्रकार ओळखतात आणि काही प्रकार चांगल्यापैकी दुर्मीळ आहेत. १८७७ पासून "एम्प्रेस" आलं. प्रत्येकाचे ठिपके, मुंबईची खूण असलेलं बारीक "बी" हे अक्षर, आणि राणीच्या केसांच्या रेषा किती शिल्लक आहेत याची यादी करा. पाचव्या जॉर्जमध्ये १९११ साल आहे का बघा. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेतली आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड सुधारली. १९११ ला इतरांपेक्षा नक्की जास्त मिळतात.

तांब्याच्या पैशांना शिवराई म्हणतात. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". पण एवढ्यावरून ती थेट महाराजांच्या काळातली ठरत नाही. पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही हाच मजकूर चालू राहिला. अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या तर ती दुदांडी शिवराई, पेशवाईतली आणि भरपूर मिळणारी. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरची सुरुवातीची शिवराई अक्षरांच्या वळणावरून आणि वजनावरून ओळखतात. ती मात्र जाणकाराकडूनच ठरवून घ्या. शिवराया माझ्या मते विकूच नका. छपराला त्यांचा फारसा हातभार लागणार नाही, आणि घरात राहिल्या तर नातवंडं हातात घेऊन बघतील.

पाटलीणबाई

धागा वाचला आणि राहवलं नाही. आमच्याकडे "ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८" असं लिहिलेलं, रामदरबार असलेलं मोठं तांब्याचं नाणं आहे. मिस्टरांना एकाने फोन करून कोटीची बोली सांगितली. खरं असेल का?

राणीछाप

ताई, ते नाणं नाही. कंपनीने रामदरबाराचा असा तांब्याचा अर्धा आणा कधी पाडलाच नाही. १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाने कंपनीला मुंबईत रुपये पाडू दिले तेही बादशहाच्याच नावाने. कंपनीचा खरा अर्धा आणा १८३५ चा, त्यावर कंपनीचं राजचिन्ह आहे. देवदेवतांची ही नाणी नंतर कुणीतरी बनवून विकली. देवघरात ठेवायला हरकत नाही.

आणि तो फोन बंद करा. "नोंदणी फी भरा, रिझर्व्ह बँकेचं कमिशन भरा, मग कोटी येतील" अशीच त्यांची पद्धत असते. जुनी नाणी-नोटा विकण्यासाठी आम्ही कुणाकडूनही कमिशन किंवा फी घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर निवेदनच काढलं होतं. कृपया मिस्टरांना हे दाखवाच.

सातबारा

कृष्णाकाठ, तुमच्या आत्या आहेत का? आजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर मुलींचा वाटा मुलांइतकाच. किंमत काढायला जाण्याआधी प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो, वजन आणि साल लिहून सगळ्या वारसांना पाठवा, आणि विकायला सगळ्यांची लेखी संमती घ्या. किंमत कळल्यावर संमती मागणं फार कठीण जातं, हे मी पेशात रोज बघतो. कराचंही सीएकडून समजून घ्या. नफा मोजताना वारशाने आलेल्या जुन्या वस्तूची २००१ सालची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, म्हणून विक्रीची पावती आणि मूल्यांकनाचा कागद जपून ठेवा.

बे_एरियाकर

मी अमेरिकेत असतो, इथे लिलावात भारतीय रुपयांना चांगली मागणी आहे. डिसेंबरात पुण्यात येतोय, परतताना घेऊन जाऊ शकतो.

सातबारा

कृपया असं करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी माणसाने देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. राणीछाप आणि शिवराया सरळ त्यात येतात. १९३९ चा रुपया अजून शंभरीत नाही, पण विमानतळावर बटवा उघडल्यावर हा वाद घालत उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये.

जुना_बाजार

आता मूळ प्रश्न, खरी किंमत. चुलतभावाने पाहिले ते मागितलेले भाव. कुणीही काहीही मागू शकतो. बघायचे ते लिलावात प्रत्यक्ष मिळालेले भाव. मुंबईचं टोडीवाला, बंगळुरूचं मरुधर आर्ट्स, अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी यांच्या मागच्या लिलावांचे कॅटलॉग आणि निकाल नेटवर बघायला मिळतात. तुमच्याच सालाचा, टांकसाळीचा आणि तुमच्याइतक्याच झिजेचा रुपया शोधा. एक नाही, गेल्या दोन-तीन वर्षांतले पाच-सहा निकाल काढा. सगळ्यात वरचा आकडा धरू नका, तो बहुधा न वापरलेल्या नाण्याचा असतो. मुकुटातले मोती स्पष्ट आहेत का, राजाच्या कानाची आणि भुवईची रेषा उठून दिसते का, यावर एकाच सालाच्या दोन नाण्यांत कितीतरी पटींचा फरक पडतो. १९३९ अस्सल ठरून बरा निघाला तर रक्कम लाखात जाईल, पण नेमका आकडा आत्ता कुणी सांगत असेल तर तो तुमच्या नाण्याकडे न बघता सांगतोय.

दाखवायचं कुठे? पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे अनेक व्यापारी एका छताखाली भेटतात. तीन जणांना दाखवा आणि विकायचं आहे हे आधी बोलू नका, "हे अस्सल आहे का" एवढंच विचारा. अभ्यासाच्या अंगाने नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. ते खरेदी करत नाहीत, शिवराया ओळखायला मात्र यासारखी जागा नाही. मंगळवार पेठेतला जुना बाजार मला जिवाभावाचा आहे, पण हा रुपया तिथे नेऊ नका.

पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्यांकडून प्रमाणित करून प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घातलेला १९३९ जास्त विश्वासाने विकला जातो, कारण घेणाऱ्याची भीतीच ती असते. खर्च आणि वेळ लागतो, म्हणून फक्त या एकासाठी करा.

कृष्णाकाठ

आत्यांशी बोलले. दोघींनी फोटो बघितले आणि धाकट्या आत्याने सांगितलं की हा रुपया दुकानाच्या गल्ल्यात आला तेव्हा आजोबांनी तो आजीला दाखवला होता, हे तिने आजीच्या तोंडून ऐकलंय. सगळ्यांचं ठरलं: शिवराया घरात राहतील, प्रत्येक घरी एकेक राणीछाप, आणि बाकीचे रुपये व १९३९ विकायचे. आधी प्रदर्शनात दाखवणार, अस्सल निघाला तर प्रमाणित करून मुंबईला लिलावाला देणार. लिलावाला देताना काय बघावं?

जुना_बाजार

कुरिअरने पाठवू नका, स्वतः जा. तुमच्यासमोर वजन करून, दोन्ही बाजूंचे फोटो लावलेली आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या. राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती) किती, ती आली नाही तर नाणं कधी परत मिळणार, विकणाऱ्याकडून कमिशन किती टक्के, पैसे किती दिवसांत, हे चारही मुद्दे सहीच्या कागदावर हवेत. लिलावाच्या बरंच आधी नाणी द्यावी लागतात, कारण कॅटलॉग छापायचा असतो. म्हणून तारीख फोन करून विचारा. साधे रुपये लिलावात घालू नका, ते प्रदर्शनात व्यापाऱ्याला चांदीच्या भावावर थोडं चढवून द्या. आणि आजोबांचा तो कागद नाण्याबरोबर देऊ नका, त्याचा फोटो दिला तरी पुरे.