टाइमशेअर: मुलं मोठी होताहेत, पॉइंट्स वाढवावेत का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पॉइंट्सवाल्या टाइमशेअरबद्दल (दर वर्षी ठरावीक पॉइंट्स मिळतात, त्यांवर क्लबच्या रिसॉर्टमध्ये खोली घ्यायची) सल्ला हवा आहे. ज्यांच्या घरात सध्या टीनएजर आहेत किंवा नुकतेच त्या वयातून बाहेर पडलेत, त्यांनी जरूर लिहा.

मुलं लहान असताना आम्ही वर्षाला १२० पॉइंट्सचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं. तेव्हा शाळेचं बंधन नव्हतं. गर्दी नसलेला सीझन बघायचा, स्टुडिओ (एकच खोली) घ्यायचा, आठवड्याला ९५ पॉइंट्स. उरलेले पुढच्या वर्षात ढकलायचे. छान चाललं होतं.

आता लेक १३ वर्षांची आणि मुलगा १० वर्षांचा आहे. एका सोफा-बेडवर दोघांना झोपवायचे दिवस गेले. लेकीला दार लावून घेता येईल अशी खोली हवी, आणि तिचं म्हणणं मला पटतं. शिवाय ती रात्री उशिरापर्यंत जागी आणि सकाळी उशिरापर्यंत झोपलेली. स्टुडिओत मग आम्ही दोघं पडदे न उघडता अंधारात चहा पितो. बाथरूम एकच, त्यावर वेगळा धागा काढता येईल.

खोली मोठी हवी, आणि जायचं मात्र शाळेच्या सुट्टीत, म्हणजे क्लबच्या पॉइंट्सच्या तक्त्यातल्या सगळ्यात महागड्या आठवड्यांत. आमच्या होम रिसॉर्टला (ज्या रिसॉर्टचे पॉइंट्स आम्ही घेतलेत तिथे) त्या दिवसांत स्टुडिओ १३०, वन बेडरूम २६५ आणि टू बेडरूम ३४५ पॉइंट्सना पडतं.

मागच्या मुक्कामात आम्हाला 'ओनर अपडेट'ला, म्हणजे सभासदांना आणखी पॉइंट्स विकायच्या बैठकीला, बसवलं. विक्रेत्याने मांडलेला हिशोब असा: आणखी २३० पॉइंट्स घ्या, एकूण ३५० होतील, म्हणजे दर वर्षी सुट्टीत टू बेडरूम पक्कं. सही त्याच दिवशी केली तर सवलत. आम्ही सही केली नाही, पण डोक्यातून जात नाहीये. नवऱ्याचं मत आहे की घेऊन टाकावं, मुलं अशीही मोठीच होत जाणार. कॉन्ट्रॅक्टची ३० वर्षं बाकी आहेत.

तर, पॉइंट्स वाढवावेत का? वाढवायचे तर किती? की आहे त्यातच काही जमवता येईल?

प्रतिसाद १

मुलं मोठी होत जाणार हे खरं, पण ती मोठी होऊन घराबाहेरही पडणार. विक्रेत्याच्या गणितात तो भाग कधी येत नाही.

लेक १८ची व्हायला ५ वर्षं आहेत, मुलगा १८चा व्हायला ८. म्हणजे चौघं एकत्र, शाळेच्या सुट्टीत, मोठी खोली, ही गरज फार तर ८ वर्षांची. नंतर दोघांची वेळापत्रकं वेगळी होतील आणि तुम्ही दोघं पुन्हा गर्दी नसलेल्या दिवसांत स्टुडिओत जाल. त्याला १२० पुरून उरतात. २३० गुणिले ३० म्हणजे ६,९०० पॉइंट्सची देखभाल फी तुम्ही भरणार, आणि त्यातले खऱ्या गरजेचे १,८४०. चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त. बाकीच्यांची फी वापरा न वापरा भरायचीच, आणि ती वर्षागणिक वाढत जाते.

चार दिवस पाहुणे येणार म्हणून कोणी आख्खी इमारत विकत घेत नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण मग ती ८ वर्षं काढायची कशी, तेही सांगायला हवं.

तुमच्या क्लबात पॉइंट्स एक वर्ष पुढे ढकलता येतात असं दिसतं. पुढच्या वर्षाचे आधी उचलता येतात का, ते बघा. अनेक पॉइंट्सवाल्या क्लबांत येतात. तसं असेल तर तीन वर्षांचे पॉइंट्स एका सहलीत घालता येतात: गेल्या वर्षीचे ढकललेले १२०, या वर्षीचे १२०, पुढच्या वर्षाची उचल १२०. झाले ३६०, टू बेडरूमला लागतात ३४५.

हे वर्ष पहिलं धरा. पहिल्या वर्षाचे ढकला, दुसऱ्या वर्षी मोठी सहल. मग चौथ्याचे ढकला, पाचव्या वर्षी दुसरी मोठी सहल. लेक तेव्हा १४ आणि १७ची, मुलगा ११ आणि १४चा. टू बेडरूमची खरी गरज असते ती याच वयांत. एक नवा पॉइंट न घेता दोन सहली झाल्या. मधल्या वर्षी साधं हॉटेल घ्या किंवा कुठेच जाऊ नका. टीनएजरला दर वर्षी त्याच रिसॉर्टला न्यायचं म्हणजे तिसऱ्या वर्षी गाडीत बसण्यापूर्वीच भांडण, हे मी अनुभवाने सांगते.

मात्र उचललेले पॉइंट्स परत मूळ वर्षात जात नाहीत आणि एकदा ढकललेले पुन्हा ढकलता येत नाहीत, असा नियम अनेक ठिकाणी असतो. सहल रद्द झाली तर तीन वर्षांचा साठा एकाच वर्षात अडकतो. म्हणून तीन वर्षांचे एकत्र घालताना तारीख डोळे उघडे ठेवून निवडा.

प्रतिसाद ३

टू बेडरूमच का? दोन स्टुडिओ घ्या. तुमच्याच तक्त्यात १३० दुणे २६०, म्हणजे ८५ पॉइंट्स वाचले. बाथरूम दोन, दारं दोन. लागूनच्या खोल्या मिळतील याची हमी नसते, मागणी नोंदवून ठेवायची. आणि प्रत्येक बुकिंगवर एक प्रौढ माणूस लागतो, त्यामुळे आई एका खोलीत आणि बाबा दुसऱ्या खोलीत. लेक आईसोबत, मुलगा बाबांसोबत. आम्ही असंच करतो. रोमँटिक नाही, पण सगळ्यांची झोप होते.

जे मिळत नाही ते म्हणजे एकत्र बसायची जागा. पावसाळी दिवस निघाला की चौघं दोन पलंगांवर बसून एकमेकांकडे बघतात. स्वयंपाकघरही स्टुडिओत नावापुरतंच.

प्रतिसाद ४

आणखी एक मार्ग: लागतील त्या वर्षी दुसऱ्या सभासदाचे पॉइंट्स भाड्याने घेणे. त्यांचे पडून वाया जाणार असतात, तुम्हाला एका सहलीपुरतेच हवे असतात. कायमची फी मागे लागत नाही. तुमचा क्लब याला परवानगी देतो का आणि बुकिंग कोणाच्या नावावर राहतं, ते लेखी बघून घ्या. बुकिंग मालकाच्या खात्यात असतं, म्हणजे त्याने फी थकवली तर खोली तुमची जाऊ शकते. पैसे देण्याआधी हे लक्षात असू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ६,९०० आणि १,८४० हे आकडे नवऱ्याला दाखवले, तो दहा मिनिटं गप्प होता. :)

उचल करता येते, बघून घेतलं. पण एक शंका आहे. तीन वर्षांत एकच मोठी सहल थोडी कमी वाटते. थोडे पॉइंट्स वाढवलेच, समजा ५०-६०, तर ते रीसेलमधून (म्हणजे विकायला काढलेल्या दुसऱ्या सभासदाकडून) घ्यावेत की क्लबकडून? आणि मुलांच्या परीक्षा, स्पर्धा यांमुळे सहल रद्द व्हायची शक्यता आता खूप आहे. त्याचं काय करायचं?

प्रतिसाद २

१७० पर्यंत गेलात तर दर दोन वर्षांचे मिळून ३४० होतात. टू बेडरूमला ५ कमी, ते पुढच्या वर्षातून उचलायचे. मग एक वर्षाआड मोठी सहल जमते. त्यापुढे जायचं कारण मला दिसत नाही.

प्रतिसाद ५

घ्यायचेच असतील तर रीसेल. क्लबच्या दरापेक्षा बरंच कमी पडतं, कारण टाइमशेअर विकायला निघालेल्या माणसाला मूळ किंमत जवळजवळ कधीच मिळत नाही. यात दोन गोष्टी बघायच्या.

पहिली म्हणजे रीसेलच्या पॉइंट्सना काय काय चालतं. डिस्नी व्हेकेशन क्लबचं उदाहरण घ्या. जानेवारी २०१९ नंतर रीसेलमधून घेतलेल्या जुन्या १४ रिसॉर्टांच्या पॉइंट्सवर रिव्हिएरा रिसॉर्टचं बुकिंग करता येत नाही. नियम प्रत्येक क्लबचे वेगळे, पण रीसेलवाल्याला काहीतरी कमी देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ज्या रिसॉर्टला तुम्ही खरोखर जाणार, तिथेच ते पॉइंट्स चालतात ना, एवढं पुरे. आणि क्लबला तो सौदा स्वतः आधी उचलण्याचा हक्क असू शकतो, त्यामुळे आठवडे जातात. घाईच्या सुट्टीसाठी हा मार्ग नाही.

दुसरी म्हणजे नवे पॉइंट्स जुन्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मिसळू देऊ नका. वेगळं छोटं कॉन्ट्रॅक्ट ठेवा. मुलगा १८चा झाला की तेवढंच विकून मोकळं होता येईल, मूळ १२०ला हात लागणार नाही. छोट्या कॉन्ट्रॅक्टला गिऱ्हाईकही लवकर मिळतं. फक्त दोन्हींचं पॉइंट-वर्ष (वर्षाचे पॉइंट्स मिळतात तिथून पुढचे बारा महिने) एकाच महिन्यात सुरू होईल असं बघा, नाहीतर ढकलणं-उचलणं यांच्या दोन वेगळ्या तारखा सांभाळत बसाल.

विक्रेत्याच्या 'आजच सही' या बोलण्याबद्दल: सही केलीच असती तरी अनेक ठिकाणी विचार बदलायला मुदत असते. युरोपीय संघाच्या नियमात १४ दिवस, फ्लोरिडात १० दिवस. ती कुठून मोजायची आणि कळवायचं कसं, ते कॉन्ट्रॅक्टवर छापलेलं असतं. उद्या पुन्हा 'अपडेट'ला बसवतील, तेव्हा उपयोगी पडेल.

प्रतिसाद ६

रद्द होण्याबद्दल मी लिहितो, कारण आमच्याकडे हा नित्याचाच कार्यक्रम आहे. मुलीची मॅच, मुलाची तोंडी परीक्षा, काही ना काही निघतंच.

पॉइंट-वर्ष कुठल्या महिन्यात सुरू होतं ते बघा. पॉइंट्स पुढे ढकलायला शेवटची तारीख असते. डिस्नीवाल्यांत ती पॉइंट-वर्षाचे पहिले ८ महिने संपेपर्यंत. तुमची सुट्टी त्या मुदतीच्या आत येत असेल तर सहल रद्द झाली तरी या वर्षीचे पॉइंट्स पुढे ढकलता येतात. सुट्टी शेवटच्या चार महिन्यांत येत असेल तर रद्द झालं की तेवढ्या उरलेल्या दिवसांत कुठेतरी जा, नाहीतर सोडून द्या. नवं छोटं कॉन्ट्रॅक्ट रीसेलमधून घेताना महिना निवडता येतो, पण प्रतिसाद ५ म्हणतात तसा जुन्याशी जुळायला हवा. म्हणून आधी जुन्याचा महिना तपासा. तोच गैरसोयीचा असेल तर नवे पॉइंट्स न घेता भाड्यानेच घ्या, असं माझं मत.

बुकिंग मात्र खिडकी उघडेल त्या दिवशी. डिस्नीच्या क्लबात होम रिसॉर्टसाठी ती ११ महिने आधी उघडते आणि इतर रिसॉर्टांसाठी ७ महिने आधी. सुट्टीतलं टू बेडरूम ७ महिन्यांपर्यंत शिल्लक राहील या भरवशावर राहू नका. परीक्षेच्या तारखा तेव्हा लागलेल्या नसतात हे मान्य. खोली धरून ठेवायची, मग सोडायची वेळ आलीच तर ढकलण्याच्या मुदतीआधी सोडायची.

आणि रविवार ते गुरुवारच्या रात्री तक्त्यात वेगळ्या दिल्यात का ते बघा. अनेक ठिकाणी शुक्रवार-शनिवार जास्त पॉइंट्सना पडतात. तुमचे ३४५ पूर्ण आठवड्याचे आहेत. टीनएजरसोबत पाच रात्री भरपूर होतात, सहाव्या रात्रीपासून त्यांना मित्रमैत्रिणी आठवायला लागतात.

धागाकर्ती

तक्ता उघडून बघितला. रविवार ते गुरुवार टू बेडरूम २२५! म्हणजे दोन वर्षांच्या २४० मध्ये बसतंय आणि एक वर्षाआड जाता येतंय, नवे पॉइंट्स न घेता. हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं कारण कायम शनिवार ते शनिवार जायचो.

पॉइंट-वर्षही सुट्टीच्या तीन महिने आधी सुरू होतं, म्हणजे ढकलायला वेळ आहे. रीसेलचा विषय तूर्त बंद. लेकीला विचारलं, पाच रात्री चालतील का. तिने विचारलं, मैत्रिणीला आणता येईल का. टू बेडरूममध्ये आठ जणांची परवानगी आहे, त्यामुळे हो म्हणून टाकलंय. दुसऱ्याच्या मुलीला नेताना तिच्या पालकांचं पत्र वगैरे काय लागतं, कोणी नेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद ३

पालकांचं सहीचं संमतीपत्र, त्यांचा फोन नंबर, मुलीच्या ओळखपत्राची प्रत आणि औषधं-ॲलर्जी यांची माहिती. परदेशात जाणार असाल तर पत्र नोटरी करून घ्या. बुकिंगमध्ये पाहुण्यांच्या यादीत तिचं नाव आधीच घाला, काउंटरवर ऐनवेळी सांगत बसू नका.