मदत पोचेपर्यंत: आडवाटेवरच्या मोठ्या दुखापती, कोकणातले अनुभव

सड्यावर, रानात, किल्ल्याच्या वाटेवर किंवा खाडीच्या मुखाशी कुणाला मोठी दुखापत झाली, मोबाईलला रेंज नाही आणि गाडीरस्ता डोंगर उतरल्यावरच, अशी वेळ तुमच्यावर आली असेल तर इथे लिहा. दवाखान्यात पुढे काय झालं ते थोडक्यात चालेल. मधल्या तास-दोन तासांत हाताशी काय होतं, कुणी काय केलं आणि कुठली गोष्ट मुद्दाम करू दिली नाही, ते मात्र सविस्तर हवं. १०८ ला फोन लागला तरी अँब्युलन्स पाखाडी चढून येत नाही. तोवर माणूस आपल्याच हातात असतो. सुरुवात मी करते.

राजापूर तालुका, सड्यावरची वाडी

गडग्याचा ढासळलेला चिरा उचलताना भावजींच्या बोटाला फुरसं चावलं. जेमतेम फूटभर साप. सासरे सुंभ घेऊन दंड आवळायला धावले. मी म्हटलं, "मामंजी, बांधू नका, हात जाईल." ते थांबले. घाबरलेल्या घरात सुनेचं ऐकून थांबणं ही लहान गोष्ट नाही, मला त्यांचा आजही अभिमान वाटतो. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही आणि चावल्या जागेचं मांस नासवतं. आवळून बांधलं की ते सगळं हातातच कोंडतं, आणि ब्लेड मारलं तर रक्त थांबत नाही.

सूज चढायच्या आत साबण लावून अंगठी काढली. हात फळकुटावर ठेवून ओढणीने सैलसर बांधला. भावजींना एक पाऊलही चालू दिलं नाही. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन वासे बांधले आणि चौघांनी त्यांना खाली उतरवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं सरकलं. त्यावरून विष भिनल्याचं नक्की झालं आणि सलाइनमधून प्रतिविष सुरू झालं. साप मारून न्यायची गरजच नव्हती, कारण आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं.

गुहागरकडचा एक आंबा बागायतदार

आमच्या बागेत राखणीला नेपाळी मुलं असतात. त्यातला एक जण कलमावरून कातळावर पाठीवर आपटला. शुद्धीवर होता, पण म्हणाला, "पैर में झुनझुनी है." बाकीचे त्याला काखेत धरून उभा करायला धावले, तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच. मणका दुखावला असेल तर उचलताना उरलेली नसही जाते.

खोपटीचं दार बिजागरीतून काढलं. एकाने त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरलं, हुकूमही त्यानेच द्यायचा असं ठरवलं. "तीन" म्हटल्यावर खांदा, कंबर आणि पाय एकाच वेळी वळवले, दार खाली सरकवलं, आणि पुन्हा "तीन" म्हणून त्याला त्यावर घेतलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गोणपाटाच्या वळकट्या लावल्या. या सगळ्याला वेळ लागला, पण घाई करण्यासारखं काही नव्हतं, त्याचा श्वास नीट चालू होता. आज तो चालतो.

मालवण, रापणीवरचा

आमच्याकडे पाकट माशाचा काटा लागतोच. काट्याला उलटे दाते असतात, वेदनेने गडी माणूस रडतो. पोटरीत लागला तर आधी दाबून रक्त थांबवायचं, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय, अर्धा-पाऊण तास तरी. पाणी दुसऱ्याने हात घालून बघायचं, ज्याला लागलंय त्याला चटका कळत नाही. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर? माझा चुलता तेव्हा एकच ओरडला होता, "काटो ओढू नको रे!" काटा तसाच ठेवून बाजूने फडकी लावली आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

महाड, प्राथमिक शिक्षक

डोंगरातल्या वाडीवर एका मुलीला लाल विंचू चावला. मला भीती वाटली ती तिच्या रडण्याची नाही. ती रडायची थांबली, घामाने निथळली, ओकली आणि हातपाय गार पडले, तेव्हा मी हललो. ही लक्षणं म्हणजे विष हृदयाकडे गेलं. बिब्बा, मंत्र, कशालाच वेळ नाही. पूर्वी अशी मुलं फुप्फुसात पाणी भरून दगावत. आमच्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरलं आणि मृत्यू खूप कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या तालुक्यात किती घरांनी देवापुढे दिवा लावला असेल! त्या गोळ्यांनीच ही मुलगीही वाचली.

खेड, सुमारगड-महिपतगड वाट

भर पावसात सोबत्याच्या नडगीचं हाड मोडून बाहेर आलं. हाड आत ढकललं नाही. स्वच्छ फडकं ओलं करून वर ठेवलं, कडेने दाबून रक्त थांबवलं आणि पाय होता तसाच दोन काठ्यांमध्ये बांधला. खरी लढाई थंडीशी झाली. रक्त गेलेला, भिजलेला माणूस कोकणातसुद्धा काकडतो, आणि अंग गार पडलं की रक्त गोठणंही मंदावतं. ओले कपडे काढून त्याला कोरडं घोंगडं आणि वर ताडपत्री गुंडाळली, खाली पानांचा जाड थर घातला. दोघांना खाली पाठवलं, एकट्याला नाही, आणि हातात चिठ्ठी दिली: कुठे, किती वाजता, कोणता पाय, शुद्ध आहे का, माणसं किती लागतील. धावत आलेला माणूस निम्मं विसरतो. चिठ्ठी वाचून गावकरी डोली आणि पाळीपाळीने खांदा द्यायला पुरतील एवढी माणसं घेऊनच वर आले.