मदत हवी आहे : मेटफॉर्मिनमुळे नसा वाचतात की बिघडतात?

पायवाट :
वडिलांच्या तळपायांची आग होते आणि रात्री अंगावरच्या चादरीचा स्पर्शही त्यांना सहन होत नाही. मधुमेहासाठी ते घेत असलेली मेटफॉर्मिनची गोळी नसांचे रक्षण करते असे एका ठिकाणी वाचले, तर त्याच गोळीने नसा बिघडतात असे दुसरीकडे. गोळी बंद करावी का, एवढेच कृपया आजच सांगावे.

चष्मेबहाद्दर :
गोळी किती वर्षांपासून चालू आहे, दिवसाला किती मिलिग्रॅम आहे आणि रक्तातले बी-१२ जीवनसत्त्व कधी तपासले होते, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सुमनताई :
मला गरम पाण्यात पाय बुडवून बसल्याने फार आराम पडला.

निशिगंध :
ताई, बधिर पायांना चटका कळत नाही आणि भाजल्याची जखम चिघळते, त्यामुळे कृपया हा सल्ला देऊ नये.

अरुणोदय :
मेटफॉर्मिनने माझे वजन चार किलो उतरले.

चष्मेबहाद्दर :
वजनाचे कोणी विचारलेले नाही. मूळ प्रश्नापुरते सांगायचे, तर दोन्ही लेख आपापल्या जागी बरोबर असू शकतात. या औषधाने पेशींमधील एएमपीके हे ऊर्जेचा ताळमेळ राखणारे विकर (एन्झाइम) कार्यान्वित होते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्यामुळे नसांची हानी कमी झालेली दिसली आहे; माणसांत मात्र असा थेट लाभ अजून सिद्ध झालेला नाही. उलट, दीर्घकाळ घेतल्यास आतड्यातून बी-१२ कमी शोषले जाते, आणि त्या कमतरतेची लक्षणे मधुमेही नसविकारासारखीच असल्याने दोष साखरेवर ढकलला जातो.

सुमनताई :
मग बी-१२ची इंजेक्शने लगेच सुरू करावीत.

निशिगंध :
आधी रक्त तपासणीला द्यावे, कारण इंजेक्शननंतर पातळी वाढलेली दिसते आणि मूळ कमतरता होती की नाही हे कळत नाही.

पायवाट :
नऊ वर्षे झाली, रोज २००० मिलिग्रॅम. बी-१२ कधीच तपासलेले नाही. पित्ताची गोळीही पाच वर्षे रोज चालू आहे, पण तिचा इथे काही संबंध नसावा.

चष्मेबहाद्दर :
संबंध आहे! पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी असेल, तर तिनेही बी-१२चे शोषण घटते. मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका, साखर चढल्यास नसांचे नुकसानच होईल. दोन्ही गोळ्यांची नावे लिहून डॉक्टरांना दाखवा आणि बी-१२ची तपासणी मागून घ्या.

पायवाट :
डबी पाहिली. पँटोप्राझोलच आहे.