१९२३ची ग्रीक-तुर्की लोकसंख्येची अदलाबदल: अपरिहार्य तोडगा की कायदेशीर हद्दपारी?

शाल्मली (धागाकर्ती)

३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी एक करार केला. तुर्कस्तानातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती प्रजाजन आणि ग्रीसमधील मुसलमान प्रजाजन यांची १ मे १९२३ पासून सक्तीने अदलाबदल होईल, आणि एकदा गेलेल्या माणसाला जुन्या देशाच्या सरकारच्या परवानगीवाचून तिथे परत राहायला येता येणार नाही, असे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलेले होते. आधुनिक ग्रीसच्या इतिहासावरील लेखनात हा करार बहुधा ‘कटू पण आवश्यक’ म्हणून निकालात काढला जातो. मला हे मत मान्य नाही, आणि त्याची कारणे मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

मे १९१९ मध्ये ग्रीक सैन्य स्मिर्ना, म्हणजे आजच्या इझमीर, बंदरात उतरले. तिथून अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागाच्या, आत घुसण्याचे जे धाडस ग्रीक राज्यकर्त्यांनी केले, त्याचा शेवट ऑगस्ट १९२२ मधील दारुण पराभवात झाला. ९ सप्टेंबरला तुर्की सैन्य स्मिर्नात शिरले, १३ तारखेला शहराला आग लागली आणि ग्रीक व आर्मेनियन वस्त्या बेचिराख झाल्या. धक्क्यावर अडकलेली लाखो माणसे मिळेल त्या जहाजाने ग्रीसकडे निघाली. ग्रीसमध्ये आलेल्या सुमारे १२ लाख निर्वासितांपैकी बहुतेक जण करारावर सही होण्याच्या आधीच आलेले होते. मग करारामुळे प्रत्यक्ष कोणाला हलवण्यात आले? मुख्यतः दोन गटांना. एक गट मध्य अनातोलियातील कॅपाडोकियासारख्या, रणभूमीपासून दूर असलेल्या भागांतील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा होता. दुसरा गट क्रीट, मॅसेडोनिया आणि इतर ग्रीक प्रदेशांतील साडेतीन लाखांहून अधिक मुसलमानांचा होता.

या माणसांकडे नीट पाहिले की कराराची आतली विसंगती उघडी पडते. कॅपाडोकियातील पुष्कळशा ख्रिस्ती लोकांची घरची भाषा तुर्की होती, ते ती ग्रीक लिपीत लिहीत. क्रीटमधील मुसलमान ग्रीक बोलत, तुर्की त्यांच्यापैकी अनेकांना येतही नव्हती. एकाला ‘ग्रीक’ ठरवून ग्रीसला आणि दुसऱ्याला ‘तुर्क’ ठरवून तुर्कस्तानला पाठवताना धर्माखेरीज दुसरी कोणतीही कसोटी लावली गेली नाही. त्यांची इच्छाही कोणी विचारली नाही. १९१९ मध्ये ग्रीस आणि बल्गेरिया यांच्यात नुईली येथे असाच करार झाला होता, पण तो निदान कागदोपत्री तरी ऐच्छिक होता. लोझानला ते एवढेसे आवरणही काढून टाकले गेले. वाटाघाटींत बसलेल्या ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन यांनीच हा तोडगा अत्यंत वाईट आहे आणि जगाला त्याची किंमत पुढची शंभर वर्षे मोजावी लागेल, असे म्हटले होते. तरीही तो मान्य करणाऱ्यांत तेही होते.

कृष्णाकाठ

शाल्मलीताई, मांडणी आवडली, परंतु निष्कर्षाशी मी पूर्णपणे असहमत आहे. आपण कराराचा विचार १९२२च्या हिवाळ्यात उभे राहून करत नाही आहात.

तेव्हा ग्रीसची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास होती आणि त्यात बारा लाख उपाशी, आजारी, घरदार गमावलेली माणसे येऊन पडली होती. शाळा, चर्च आणि गोदामे भरून गेली. अथेन्सच्या महापालिका नाट्यगृहात तर प्रेक्षकांच्या एकेका कक्षात एकेक कुटुंब राहत होते. तुर्कस्तानचे अंकारा सरकार या लोकांना परत घेईल ही शक्यता शून्य होती. केवळ तत्त्व म्हणून परतीचा हक्क कागदावर ठेवला असता, तर ही माणसे ना इकडची ना तिकडची अशा अवस्थेत वर्षानुवर्षे तंबूंत राहिली असती. कराराने त्यांना ग्रीक नागरिकत्व दिले. त्यांच्यासाठी राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली निर्वासित पुनर्वसन आयोग स्थापन झाला, ज्याचे पहिले अध्यक्ष अमेरिकेचे हेन्री मॉर्गेन्थाऊ होते. १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्ज उभे राहिले. मॅसेडोनियातील दलदली आटवून, यानित्साचे सरोवर कोरडे करून शेती काढली गेली. आणि हे नुसत्या कर्जावर होण्यासारखे नव्हते, त्यासाठी जमीन लागत होती. निघून गेलेल्या मुसलमानांनी मागे सोडलेली जमीन आणि घरे मिळाली नसती, तर उत्तर ग्रीसमध्ये लाखो लोकांचे पुनर्वसन झालेच नसते. हे क्रूर आहे, हे मी नाकारत नाही. परंतु राज्यकर्त्यासमोर त्या क्षणी जे पर्याय होते, त्यांत यापेक्षा कमी क्रूर पर्याय कोणता होता, हे आपण सांगितलेले नाही.

आपल्या देशातले एक उदाहरणही विसरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावर जो ग्रंथ लिहिला, त्यात अल्पसंख्याकांच्या अदलाबदलीचा विचार करताना त्यांनी ग्रीस, तुर्कस्तान आणि बल्गेरिया यांचाच दाखला दिला आहे. मर्यादित साधने असलेल्या या लहान देशांना जे जमले ते आपल्याला जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. अल्पसंख्याकांना कागदी संरक्षणे दिल्याने युरोपात काय झाले, हे त्यांनी बारकाईने पाहिले होते. भावनेच्या भरात विचार करणारा हा माणूस नव्हे.

आता ज्यांना करारातून वगळले त्यांचे काय झाले तेही पाहा. इस्तंबूलच्या ग्रीकांना तिथेच राहण्याची मुभा होती आणि १९२०च्या दशकात ते सुमारे एक लाख होते. सप्टेंबर १९५५ मध्ये त्यांची दुकाने, घरे आणि चर्चेस एका रात्रीत लुटली व जाळली गेली, १९६४ मध्ये त्यांच्यातील ग्रीक नागरिकांना देशाबाहेर काढण्यात आले, आणि आज तिथे दोन-तीन हजारच ग्रीक उरले आहेत. अनातोलियातील लाखो लोक मागे राहिले असते तर त्यांच्या वाट्याला याहून बरे काही आले असते, असे मानायला आधार काय?

शाल्मली

आपला इस्तंबूलचा मुद्दा सर्वांत बळकट आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसच्या ईशान्येकडील पश्चिम थ्रेसमधील मुसलमान यांना एकमेकांच्या बदल्यात वगळण्यात आले होते. परिणाम असा झाला की दोन्ही समाज कायमचे ओलीस ठरले. सायप्रसमध्ये ग्रीक-तुर्की वादाची ठिणगी पडली की इस्तंबूलच्या ग्रीक दुकानदाराने किंमत मोजायची, आणि इस्तंबूलमध्ये काही घडले की थ्रेसमधल्या कोमोतिनीच्या मुसलमान शेतकऱ्याची कामे अडवायची, ही पद्धत पडून गेली. ग्रीसनेही हात स्वच्छ ठेवले नाहीत. १९५५च्या नागरिकत्व कायद्यातील एकोणिसाव्या कलमाचा वापर करून १९९८ पर्यंत सुमारे ६० हजार लोकांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले, आणि त्यांतील बहुसंख्य थ्रेसचे मुसलमान होते. मात्र एवढे होऊनही तिथे आज सुमारे एक लाख मुसलमान आहेत. म्हणजे वेगळ्या धर्माचा समाज ग्रीसमध्ये टिकूच शकत नव्हता, हे गृहीतक खरे नाही. नागरिकाला नागरिक न मानता शेजारी देशाचा हस्तक मानण्याची जी दृष्टी १९५५च्या दंगलीत दिसते, तिला लोझानच्या करारानेच कायद्याची प्रतिष्ठा दिली होती.

कमी क्रूर पर्यायाबद्दल आपण विचारलेत. जे आधीच पळून आले होते त्यांना नागरिकत्व, जमीन आणि कर्ज द्यायला क्रीटच्या मुसलमानाची हद्दपारी ही कायदेशीर अट असण्याची गरज नव्हती. ज्यांना जायचे आहे त्यांना मालमत्तेच्या भरपाईसह जाऊ द्यावे आणि ज्यांना राहायचे आहे त्यांना राहू द्यावे, ही चौकट नुईलीने तीन वर्षांपूर्वीच घालून दिलेली होती. ती अपुरी पडली असती, हे शक्य आहे. पण तिचा प्रयत्नच झाला नाही, कारण दोन्ही सरकारांना एकजिनसी राष्ट्र हवे होते आणि ग्रीसला उत्तर सीमेवरील जमिनीवर आपली माणसे बसवायची होती.

बाबासाहेबांविषयी मला आपल्याइतकाच आदर आहे. पण त्यांनी हा दाखला दिला तो अल्पसंख्याकांचा जीव वाचावा या काळजीतून. लोझानच्या टेबलावरील प्राधान्यक्रम तो नव्हता.

तटस्थ

पुनर्वसनाच्या यशाबद्दल एक पुरवणी जोडतो. ज्यांना शेती मिळाली त्यांचे तुलनेने बरे झाले, शहरी निर्वासितांची कहाणी निराळी आहे. पिरेअसजवळच्या कोक्किनियात किंवा अथेन्सच्या नेआ इओनियात कित्येक कुटुंबांनी पुढची अनेक वर्षे झोपड्यांत काढली, आणि स्थानिक ग्रीक त्यांना तुर्कांची अवलाद म्हणून हिणवत. पलीकडे तुर्कस्तानातही तेच झाले. मॅसेडोनियात तंबाखू पिकवणाऱ्या कुटुंबांना एजियन किनाऱ्यावर ऑलिव्हच्या बागा दिल्या गेल्या, ज्यांच्या कामाची त्यांना माहिती नव्हती. क्रीटहून आलेल्या मुसलमानांची भाषा ऐकून शेजारी त्यांना अर्धे काफिर म्हणत.

कल्याणकर

आमच्या कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. त्या लोकांमागे कोणताही अदलाबदलीचा करार नव्हता. पंजाबातही नव्हता, आणि तिथे झालेला संहार सर्वांना ठाऊक आहे. करार नसला म्हणजे माणसे आपापल्या घरी सुखाने राहतात असे नाही, एवढेच शाल्मलीताईंच्या लक्षात आणून द्यावेसे वाटते. ठरलेली जहाजे, ठरलेल्या तारखा आणि देखरेख करणारा, दोन्ही देशांचे सदस्य असलेला मिश्र आयोग यांमुळे १९२३ नंतर जे गेले त्यांतले बहुतेक निदान जिवंत पोहोचले.

कृष्णाकाठ

कल्याणकरांशी सहमत. शिवाय कराराचे राजकीय फळही पाहावे. १९३० मध्ये ग्रीसचे पंतप्रधान व्हेनिझेलोस अंकाऱ्याला गेले, मैत्री करार झाला आणि १९३४ मध्ये त्यांनी केमाल अतातुर्क यांचे नाव नोबेल शांतता पारितोषिकासाठी सुचवले. ज्या दोन देशांनी बारा वर्षांपूर्वी एकमेकांची गावे जाळली होती, त्यांच्यात हे घडले. सीमेच्या दोन्ही बाजूंना परकी लोकसंख्या राहिली असती तर हे शक्य नव्हते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

शाल्मली

कल्याणकर, पंजाबात करार नव्हता हे खरे, आणि तसा करार असता तर जीव वाचले असते हे मी नाकारत नाही. पण सुरक्षित वाट आखून देणे वेगळे आणि त्या वाटेने जाण्याची सक्ती करणे वेगळे. लोझानचा करार पुढे नमुना म्हणून वापरला गेला तो सक्तीचा. १९३७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या पील आयोगाने पॅलेस्टाइनच्या फाळणीचा प्रस्ताव मांडताना याच अदलाबदलीचा हवाला दिला.

कृष्णाकाठ, १९३०च्या मैत्रीची किंमत कोणी दिली, ते मात्र आपल्या प्रतिसादात आलेले नाही. १९२३च्या कराराने प्रत्येक विस्थापिताला वचन दिले होते की त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचे मूल्य ठरवले जाईल आणि त्याला नव्या देशात तेवढ्याच मोलाची मालमत्ता मिळेल. मिश्र आयोगाला हे काम वर्षानुवर्षे पुरे करता आले नाही. अखेर जून १९३० मध्ये अंकाऱ्यात दोन्ही सरकारांनी एकमेकांवरील दावे परस्पर वळते करून टाकले. अनातोलियात मागे राहिलेल्या मालमत्तेचे मोल ग्रीसमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेपेक्षा पुष्कळ जास्त आहे, हे निर्वासितांना माहीत होते. ज्या कायदेशीर हक्कांचा आधार घेऊन आपण या कराराचे समर्थन करत आहात, त्यांतील सर्वांत मोठा हक्क सात वर्षांत त्यांना न विचारता सोडून देण्यात आला. तोपर्यंत व्हेनिझेलोस यांच्या मागे भक्कमपणे उभ्या असलेल्या निर्वासितांपैकी अनेकांनी त्यानंतर त्यांची साथ सोडली.